वाचकांचे प्रश्न : हौसेने लिहिलेलं दुसऱ्याने विकलं तर?

या वेळी आलेल्या पत्रांतली चार पत्रं एकाच विषयावरची आहेत म्हणून सगळी जागा त्यांनाच देतेय. टेबलाभोवती बसून फासे टाकत, प्रत्येकाने एकेक पात्र होऊन खेळायचे रोलप्लेइंग गेम, त्यांच्यासाठी चाहत्यांनी लिहिलेलं साहित्य, आणि ते विकायला निघालं की त्यावर हक्क कोणाचा. आधीच सांगते, मी वकील नाही, मी या खेळांसाठी बरीच वर्षं लिहितेय आणि त्यामुळे करार नीट वाचायची सवय लागलीय, पण पैशाची बाब मोठी असेल तर वकिलाला विचाराच. कायद्याचे दाखले बहुतेक अमेरिकेतले आहेत कारण या खेळांचे मोठे प्रकाशक तिथले आणि भांडणंही तिथेच झाली.

पत्र पहिलं. ताई, सहा वर्षांपूर्वी मी डंजन्स अँड ड्रॅगन्ससाठी एक ॲडव्हेंचर, म्हणजे खेळायला तयार कथा, लिहिलं होतं, फॉरगॉटन रेल्म्स या त्यांच्याच जगात घडणारं. त्यात मी स्वतः बनवलेले तीन मॉन्स्टर होते आणि एका मित्राने काढलेला बुडालेल्या देवळाचा नकाशा. पीडीएफ फुकट वाटली. आता कळलं की एका प्रकाशकाने ते तिन्ही मॉन्स्टर वर्णनासकट आणि नकाशा आपल्या विकतच्या पुस्तकात छापलाय, आमचं नाव कुठेच नाही. मेल केला तर उत्तर आलं की तुमचं कामच दुसऱ्याच्या जगावर विनापरवाना उभं होतं, त्यामुळे तुमचा त्यावर काहीच हक्क नाही. खरंच असं असतं का?

उत्तर. हे वाचून मला राग आला, कारण त्यांच्या म्हणण्यात अर्धं खरं आहे आणि ते अर्धं खरं पुढे करून चाहत्यांना गप्प बसवणं फार सोपं असतं.

अर्धं खरं कुठलं ते आधी सांगते. १९८० च्या दशकात टिमोथी अँडरसन नावाच्या लेखकाने रॉकी चित्रपटमालिकेच्या चौथ्या भागासाठी आपणहून ३१ पानांचा कथेचा आराखडा लिहिला, स्टुडिओच्या लोकांशी बोलणीही झाली, आणि पुढे चित्रपट आला तेव्हा आपलंच घेतलं असं म्हणत तो कोर्टात गेला. १९८९ मध्ये निकाल लागला तो त्याच्या विरुद्ध, कारण पात्रं दुसऱ्याची, त्यांच्यावर परवानगी न घेता पूर्ण गोष्ट उभी केलेली, म्हणून त्या आराखड्याला कॉपीराइटचं संरक्षणच नाही असं कोर्टाने ठरवलं. तुमच्या प्रकाशकाने हे कुठेतरी वाचलं असणार.

पण अमेरिकेच्या कायद्यात जे लिहिलंय ते नीट वाचायला हवं. दुसऱ्याचं साहित्य बेकायदा वापरलेलं असेल तर कामाच्या ज्या भागात ते वापरलंय त्या भागाला संरक्षण मिळत नाही, असं तिथे आहे. ज्या भागात वापरलंय त्या भागाला. अँडरसनच्या आराखड्यातून रॉकी काढला तर काही उरतच नव्हतं. तुमचं तसं आहे का हे तुम्हीच तपासा, एक लाल पेन घ्या आणि त्या तीन मॉन्स्टरच्या पानांवर फॉरगॉटन रेल्म्समधलं प्रत्येक शहर, देव, राजघराणं, त्यांच्या इतिहासाचा प्रत्येक संदर्भ खोडून काढा. खोडल्यावरही तो प्राणी कसा दिसतो, कसा जगतो, कशाला घाबरतो, शिकार कशी करतो हे सगळं तुमच्या शब्दात उभं राहत असेल तर ते तुमचं आहे आणि त्यासाठी मूळ कंपनीच्या, म्हणजे विझर्ड्स ऑफ द कोस्टच्या, परवानगीची गरजच नव्हती. आकड्यांचा तक्ता, म्हणजे स्टॅट ब्लॉक, त्यावर मात्र फार भिस्त ठेवू नका, नुसत्या आकड्यांवर हक्क सांगता येत नाही, तुमची खरी बाजू वर्णनात आहे.

आणि समजा लाल पेनाखाली सगळंच गेलं, तरी त्यामुळे प्रकाशकाला हक्क मिळाला असं कुठे होतं? तुमच्याकडे नव्हता तर त्याच्याकडे तर त्याहून नव्हता, मग प्रश्न त्याचा आणि मूळ कंपनीचा होतो. हे त्याला मेलमध्ये शांतपणे लिहून विचारा, बऱ्याच वेळा इथेच सूर बदलतो.

नकाशाचं वेगळं. तो तुमचा नाही, तुमच्या मित्राचा आहे, त्यामुळे त्याची तक्रार त्यानेच करायला हवी. मित्राने प्रेमाने काढून दिला म्हणजे तुम्हाला तो तुमच्या पीडीएफमध्ये वापरायची परवानगी मिळाली, मालकी नाही मिळाली. मी स्वतः हे उशिरा शिकले. एका जुन्या अंकासाठी मैत्रिणीने चित्रं काढली होती, पुढे ती पुन्हा छापायची वेळ आली तेव्हा मी तिला गृहीत धरलं आणि ती दुखावली, तिचं बरोबर होतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, तुम्ही पीडीएफच्या शेवटच्या पानावर काय चिकटवलं होतं ते पत्रात लिहिलेलं नाही. पुष्कळ जण त्या काळात ओपन गेम लायसन्सचं, म्हणजे खेळाचा मजकूर इतरांना वापरू देणाऱ्या परवान्याचं, पान न वाचता जोडायचे कारण सगळे जोडायचे. तुम्ही ते जोडून मॉन्स्टर ओपन गेम कंटेंट म्हणून जाहीर केले असतील तर कोणीही ते विकू शकतो, फक्त त्याने तुमच्या कामाची कॉपीराइट ओळ आपल्या पुस्तकात द्यायला हवी, ती दिली नसेल तर त्याने लायसन्स मोडलं. क्रिएटिव्ह कॉमन्स, म्हणजे आपलं काम ठरावीक अटींवर सगळ्यांना वापरू देणारं तयार लायसन्स, असेल तर कुठलं ते बघा, नॉन-कमर्शियल असेल तर विकणं बंद, नुसतं ॲट्रिब्यूशन असेल तर विकता येतं पण नाव द्यायलाच लागतं. आणि काहीच जोडलं नसेल तर सगळे हक्क तुमच्याकडे राहिले. फुकट वाटलं म्हणजे हक्क सोडला असं नसतं, बर्न या आंतरराष्ट्रीय करारातल्या देशांमध्ये कॉपीराइट लिहिताक्षणी मिळतो, नोंदणी लागत नाही.

पुढे काय करायचं तर मूळ फाइल, तारखेसकट जुने मेल, त्यांच्या पुस्तकाची पानं हे गोळा करा आणि दोन्ही मजकूर शेजारी शेजारी ठेवून एक पत्र पाठवा, त्यात काय हवंय ते स्पष्ट लिहा, नाव हवंय, मोबदला हवाय की विक्री थांबवून हवीय. ऐकलं नाही तर पुस्तक जिथे विकलं जातंय त्या साइटला अमेरिकेच्या १९९८ च्या डिजिटल मिलेनियम कायद्याखाली नोटीस देता येते. ती शपथेवर द्यायची असते म्हणून तीत फक्त तुमचंच लिहिलेलं सांगा, फॉरगॉटन रेल्म्समधली नावं स्वतःची म्हणून घालू नका. प्रकाशक अमेरिकेतला असेल तर तिथे २०२२ पासून छोट्या दाव्यांसाठी कॉपीराइट क्लेम्स बोर्ड आहे, ३०,००० डॉलरपर्यंतचे दावे तिथे चालतात, पण समोरच्याला तिथे यायला नकार देता येतो हे लक्षात घ्या. आणि एक विनंती, या रागात आपलं जुनं ॲडव्हेंचर विकायला काढू नका, तुम्ही फुकट दिलं होतं म्हणून कंपनीच्या चाहत्यांसाठीच्या धोरणात तुम्हाला आधार आहे, किंमत लावलीत की तो जाईल.

पत्र दुसरं. मी स्वतःचं जग बनवलंय पण नियम डंजन्स अँड ड्रॅगन्सचे, सहा ॲबिलिटी, वीस बाजूंचा फासा वगैरे. पुस्तक विकलं तर नियम चोरले असं होईल का? कव्हरवर त्या खेळाचं नाव टाकू का?

उत्तर. नियम म्हणजे खेळायची पद्धत, आणि पद्धतीवर कॉपीराइट नसतो, एकोणिसाव्या शतकात हिशेबाच्या वह्यांच्या एका पद्धतीवरून अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने हे ठरवून दिलंय. नियम ज्या शब्दात लिहिलेत ते शब्द मात्र त्यांचे, त्यामुळे परिच्छेद उचलू नका, स्वतः लिहा.

तुमच्यासाठी तर याहून सोपी वाट आहे. २००० साली विझर्ड्स ऑफ द कोस्टने ओपन गेम लायसन्स काढलं, त्यावर शेकडो छोटे प्रकाशक उभे राहिले, आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याच्या नव्या आवृत्तीचा मसुदा फुटला. त्यात ७,५०,००० डॉलरच्या वरच्या कमाईवर २५ टक्के रॉयल्टी होती याची खूप चर्चा झाली, पण मला जास्त हादरवलं ते दुसऱ्या कलमाने, तुम्ही त्या लायसन्सखाली जे काढाल ते कंपनीला कायमचं, जगभर, एक पैसा न देता वापरता येईल असं ते कलम. चाहते इतके भडकले की त्याच महिन्याच्या २७ तारखेला कंपनीने माघार घेतली आणि पाचव्या आवृत्तीच्या मूळ नियमांचा दस्तऐवज, ज्याला एसआरडी ५.१ म्हणतात, तो क्रिएटिव्ह कॉमन्स ॲट्रिब्यूशन ४.० खाली खुला केला, आणि ते परत घेता येत नाही. तेव्हा त्या दस्तऐवजातलं वापरा, त्यात दिलेली श्रेय देणारी ओळ जशीच्या तशी छापा आणि निर्धास्त राहा.

कव्हरवर नाव टाकू नका. तो ट्रेडमार्क आहे आणि ती भानगड कॉपीराइटपेक्षा वेगळी. १९८० च्या दशकात मेफेअर गेम्स आपल्या पुस्तकांवर त्या खेळाचं नाव घेऊन अमुक खेळासोबत वापरा असं छापायची, खेळाची तेव्हाची कंपनी टीएसआरशी त्यावरून करार झाला, मग कोर्टकचेरी झाली, काही पुस्तकांनी कराराच्या अटी मोडल्या असं ठरलं आणि शेवटी टीएसआरने ती मालिकाच विकत घेऊन टाकली. तुम्हाला पाचव्या आवृत्तीशी सुसंगत एवढं लिहायची मुभा त्या दस्तऐवजातच दिलीय, तेवढं पुरतं.

पत्र तिसरं. आमचा पाच जणांचा ग्रुप चार वर्षं एकच कॅम्पेन, म्हणजे पुढे पुढे चालणारी एकच मोठी कथा, खेळतोय, मी डंजन मास्टर, म्हणजे कथा चालवायचं काम माझं. आता त्यावर पुस्तक लिहून प्रकाशकाला द्यायचंय. एक मैत्रीण म्हणते तिची कॅरेक्टर तिची आहे, ती पुस्तकात नको. बाकीचे म्हणतात जग तू रचलंस, कथा तू चालवलीस, तर सगळं तुझंच. कोणाचं बरोबर?

उत्तर. मैत्रिणीचं. म्हणजे कायद्यात थोडी गुंतागुंत आहे, टेबलावर नुसतं तोंडी बोललेलं आणि कुठेही न नोंदवलेलं अमेरिकेच्या कायद्यात संरक्षित नसतं, कारण तिथे काम कशावर तरी उतरलेलं असावं लागतं. पण चार वर्षांत तिने त्या कॅरेक्टरची पूर्वकथा लिहिली असेल, ग्रुपवर तिच्या नावाने पत्रं टाकली असतील, चित्र काढलं असेल, सेशनचं रेकॉर्डिंग असेल, ते सगळं उतरलेलंच आहे आणि ते तिचं आहे. तुम्ही जग रचलंत, तिने त्यात एक माणूस जिवंत केला. ती नको म्हणतेय तर काढा, आणि नुसतं नाव बदलून तोच माणूस ठेवू नका, तिची जागा भरणारं दुसरं कोणीतरी खरोखर नव्याने लिहा. बाकी तिघांचीही परवानगी लेखी घ्या, आत्ता ते तुझंच सगळं म्हणतायत हे प्रेमाने म्हणतायत, पण प्रकाशक करारात तुमच्याकडून लिहून घेणार की यातला प्रत्येक शब्द माझा आहे आणि कोणी दावा केला तर भरपाई मी देईन. हे कलम जवळजवळ प्रत्येक करारात असतं आणि जवळजवळ कोणीच वाचत नाही. अमेरिकेत मालकी किंवा एकट्यालाच वापरायचा हक्क द्यायचा तर सहीचा कागद लागतोच, तोंडी हो चालत नाही. कागदात मोबदला मिळाला तर वाटणी कशी आणि श्रेय कसं, एवढं तरी असू द्या.

अजून एक चाळणी लावा. चार वर्षांत तुमच्या टेबलावर दुसऱ्यांची पुस्तकं, गेम, सिनेमे यांतून किती गोष्टी सहज येऊन बसल्यात ते बघा. घरच्या खेळात हे होतंच आणि त्यात काही वाईट नाही, पण छापताना ते बाहेर काढायला लागतं. क्रिटिकल रोल या ग्रुपचं उदाहरण घ्या, त्यांचा खेळ मित्रांच्या टेबलावर सुरू झाला आणि त्यातली एक देवी पाथफाइंडर या दुसऱ्या खेळातली सेरेनरे होती, मग ॲनिमेशन मालिका करायची वेळ आली तेव्हा तिचं नाव घेता येईना आणि ती एव्हरलाइट झाली. डंजन्स अँड ड्रॅगन्सलाही हे चुकलं नाही, १९७४ च्या पहिल्या पुस्तकांत हॉबिट आणि एंट होते, टोल्किन यांच्या साहित्याचे हक्क असलेल्यांनी हरकत घेतल्यावर ते हाफलिंग आणि ट्रीएंट झाले. आणि गंमत बघा, हाफलिंग आता इतका रुळलाय की नव्या खेळाडूला त्यामागे काही बदललं होतं हे सांगावं लागतं. म्हणून नाव बदलायची फार भीती बाळगू नका, मनासारखं नाव सापडेपर्यंत वेळ घ्या.

पत्र चौथं. मी १९ वर्षांची आहे. एका प्रकाशकाने चाहत्यांकडून मॉन्स्टर मागवलेत, निवडलेले पुस्तकात येणार. माझा निवडला गेला. मानधन एकदाच आणि थोडंच आहे. करारात सर्व हक्क, कायमचे, आजच्या आणि पुढे येणाऱ्या सर्व माध्यमांत असं लिहिलंय. पहिल्यांदाच काहीतरी छापून येतंय त्यामुळे नाही म्हणायची हिंमत होत नाही. सही करू का?

उत्तर. आधी अभिनंदन, मनापासून. आता तुला एका मॉन्स्टरची गोष्ट सांगते.

१९७९ मध्ये ब्रिटनच्या व्हाइट ड्वार्फ मासिकात वाचकांनी पाठवलेले मॉन्स्टर छापायचं फीन्ड फॅक्टरी नावाचं सदर चालायचं. त्यात एका शाळकरी मुलाने गिथयांकी पाठवले, पिवळट कातडीचे, दुसऱ्या मितीत राहणारे, ज्यांनी आपल्याला गुलाम करणाऱ्या माइंड फ्लेअरांविरुद्ध बंड केलं असे लढवय्ये. त्या मुलाचं नाव चार्ल्स स्ट्रॉस, तो पुढे नावाजलेला विज्ञानकथा लेखक झाला. गिथयांकी हे नाव त्याने जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या १९७७ च्या कादंबरीतून घेतलं होतं, म्हणजे चाहत्याने आवडत्या लेखकाकडून उचललं, जसं आपण सगळेच सुरुवातीला करतो. १९८१ मध्ये त्या सदरातले बरेच मॉन्स्टर टीएसआरने फीन्ड फोलिओ या पुस्तकात घेतले आणि गिथयांकी तर थेट मुखपृष्ठावर आले. पुढे टीएसआर विझर्ड्सने विकत घेतली, आणि ओपन गेम लायसन्स आलं तेव्हा इतरांनी हात लावायचा नाही अशा प्रॉडक्ट आयडेंटिटीच्या यादीत गिथयांकी जाऊन बसले. २०२३ मध्ये बॉल्डर्स गेट ३ हा व्हिडिओ गेम आला, त्यातली लेझेल ही मुख्य सोबत्यांपैकी एक, ती गिथयांकी आहे. एका मुलाने मासिकाच्या पत्त्यावर पाठवलेला प्राणी ४४ वर्षांनी तिथे पोचला. आता तुझ्या करारातलं पुढे येणारी सर्व माध्यमं हे परत वाच, १९७९ मध्ये असा व्हिडिओ गेम कोणाच्या डोळ्यासमोर होता?

माध्यमांचं हे कलम किती महत्त्वाचं त्याचं उलट बाजूचं उदाहरण पण आहे. १९९९ मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या ड्रॅगन मासिकाचे जुने अंक सीडीवर काढले, तेव्हा आत छापलेल्या काही लेखक-चित्रकारांनी हक्क फक्त मासिकासाठी दिलेले होते. नाइट्स ऑफ द डिनर टेबल ही चित्रमालिका त्यातलीच, तिच्या मालकांनी हरकत घेतली आणि तडजोडीत त्यांना जुन्या डंजन्स अँड ड्रॅगन्सवर बेतलेला स्वतःचा खेळ, हॅकमास्टर, काढायचं लायसन्स मिळालं. ते शक्य झालं कारण त्यांनी सगळं देऊन टाकलेलं नव्हतं.

सगळे हक्क विकणं नेहमीच वाईट असं मी म्हणणार नाही. २००२ मध्ये विझर्ड्सने नवीन जगासाठी खुली स्पर्धा घेतली, ११,००० च्या वर प्रस्ताव आले, कीथ बेकर यांचं एबेरॉन निवडलं गेलं, त्यांना लाखभर डॉलर मिळाले, २००४ मध्ये पुस्तक आलं. मालकी कंपनीची झाली, बेकर आज स्वतःच्याच जगावर डीएम्स गिल्ड या विझर्ड्सच्या परवानगीने चालणाऱ्या विक्रीच्या साइटच्या चौकटीत लिहितात, जिथे विक्रीतला ५० टक्के वाटा लिहिणाऱ्याला मिळतो आणि तिथे टाकलेलं बाहेर विकता येत नाही. पण किंमत मोठी होती, ती आधी सांगितलेली होती आणि त्यांनी जाणूनबुजून हो म्हटलं. तुला देतायत ते थोडंसं मानधन आणि मागतायत मात्र तेवढंच सगळं, हे मला पटत नाही.

तर सही करायच्या आधी त्यांना मेल कर, घाबरत नाही, नम्रपणे. लिही की या पुस्तकाच्या छापील आणि डिजिटल आवृत्तीसाठी मी आनंदाने हक्क देते, पहिली दोन वर्षं दुसऱ्या कोणाला देणार नाही, पण मालकी माझ्याकडे राहू द्या आणि व्हिडिओ गेम, खेळणी, चित्रपट यात वापरायचं झालं तर वेगळं बोलू. सोबत माझं नाव मॉन्स्टरच्या पानावर यावं आणि पुस्तक ठरलेल्या मुदतीत निघालं नाही तर हक्क परत मिळावेत, हेही माग. छोटे प्रकाशक बऱ्याचदा कुठूनतरी उचललेला तयार करार पाठवतात, त्यात काय आहे हे त्यांनाही नीट माहीत नसतं, विचारलं की बदलून देतात. नाही म्हणाले तर तुझ्या वर्णनात त्यांच्या जगातलं किती आहे ते बघ. सगळं त्यांच्याच जगात गुंफलेलं असेल तर तो मॉन्स्टर तसाही तुला दुसरीकडे फारसा नेता येणार नाही, मग नाव मिळत असेल तर देऊन टाकलास तरी चालेल. पण तो त्या जगाबाहेर स्वतःच्या पायावर उभा राहत असेल तर ठेव तुझ्याजवळ आणि त्यांच्यासाठी दुसरा एखादा लिहून पाठव. मेल पाठवायच्या आधी मसुदा मला दाखवायचा असेल तर या सदराच्या पत्त्यावर पाठव, मी वाचेन.